शाळेची इमारत पुन्हा पाहताना

इमारत पुरी झाली की तिचे उद्घाटन होते. नारळ फुटतो, फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. मग ज्यांनी ती आखली ते आपल्या गावी परत जातात आणि ज्यांनी ती बांधली ते दुसऱ्या कामावर जातात. मागे उरतात ती मुले, मास्तर आणि शिपाई. इमारतीची खरी परीक्षा इथून सुरू होते. पण या परीक्षेचा निकाल इमारत आखणाऱ्याला कळवण्याची आपल्याकडे रीत नाही. ती रीत कोठे पडली, कोठे मोडली आणि ती नसल्यामुळे आपल्या जिल्ह्याला काय मोजावे लागले, याचा थोडा इतिहास श्रोत्यांपुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

मी वास्तुविशारद नाही. शाळेत माझे शिक्षण बेताचेच झाले. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत झाले. ज्या लोकांत माझे आयुष्य गेले त्यांत साखर-कामगार आहेत, तसेच गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवालेही आहेत. तेव्हा इमारतीकडे मी पाहतो ते परांचीवर उभे राहून, असे म्हणा हवे तर. या जागेवरून नकाशा फारसा दिसत नाही, पण भिंत मात्र चांगली दिसते.

ढोकीच्या लोकांना साखर कारखाना काय असतो हे सांगायला नको. गळीत हंगाम संपला की कारखान्यात एक वेगळेच काम सुरू होते. यंत्रे उघडतात, झिजलेले भाग काढतात, कोणता पंप हंगामात किती वेळा बंद पडला याची चर्चा होते. बॉयलरची तर सरकारी निरीक्षकाकडून ठरावीक मुदतीने तपासणी होते. १९२३ सालच्या कायद्याने ही गोष्ट साऱ्या देशभर बंधनकारक झाली. दाखला नसेल तर बॉयलर पेटवता येत नाही. हा कायदा कोणाच्या दयाबुद्धीतून आला नाही. बॉयलर फुटत, माणसे मरत, आणि चालू यंत्राकडे पुन्हा पुन्हा पाहिले पाहिजे हे त्यातून उमगले. शाळेची इमारत हेही एक चालू यंत्रच आहे. फरक एवढाच, की तिच्या पोटात वाफ नसते, आपली लेकरे असतात.

आता दोन पहाटांची गोष्ट सांगतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या आधी कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. पडलेली घरे पाहायला देशातले अभियंते गेले. त्यांना जे दिसले ते असे : दगडमातीच्या जाड भिंती सर्वांत आधी ढासळल्या. दोन फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण आतून ती एक भिंत नसून दोन भिंती होत्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही थरांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड त्यांत नव्हता. हादरा बसताच एक थर बाहेर पडला, एक आत पडला आणि वरचे ओझे खाली आले. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचे भारतीय मानकही त्याच १९६७ साली निघाले होते. दारेखिडक्यांच्या डोक्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा एक पट्टा घालावा, कोपरे बांधून घ्यावेत, अशी साधी पण मोलाची शिकवण या शास्त्राने दिली होती.

दुसरी पहाट आपल्या सर्वांच्या आठवणीतली आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन करून लोक नुकते अंथरुणाला टेकले होते. चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, होळी आणि भोवतालची गावे काही क्षणांत मातीला मिळाली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली. लातूर आणि धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद, हे दोन जिल्हे सर्वांत जास्त पोळले. ढिगारे उपसताना पुन्हा तेच दिसले : दोन थरांची भिंत, आरपार दगड नाही, आणि वर माळवदाचे, म्हणजे फुटा-दोन फुटांच्या मातीचे ओझे. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक घरांत उभाच होता. माणसे मेली ती भिंतींखाली आणि मातीखाली.

कोयनेपासून किल्लारीपर्यंत सव्वीस वर्षे गेली होती. मग कोयनेची शिकवण इकडे का आली नाही? याची कारणे शोधताना कोणा एकाला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने इतिहास समजत नाही. पहिले कारण नकाशाचे. देशाच्या भूकंपनकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. तो पट्टा पुढे २००२ साली रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. दुसरे कारण असे, की खेड्यातले घर अभियंता बांधत नाही. ते गवंडी बांधतो, आणि मानकाची पुस्तिका गवंड्याच्या हाती कोणी देत नाही. तिसरे कारण जगण्याचे. माळवदाचे घर उन्हाळ्यात गार राहते, जाड भिंत चोराचिलटांपासून राखते, दगड आणि पांढरी माती गावातच मिळते. लोक मूर्ख होते म्हणून तशी घरे बांधत होते, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. त्यांच्या घरात एक शहाणपण होते आणि एक उणीव होती. ती उणीव भरायला लागत होते भिंतीतले काही लांब दगड आणि एक पट्टा. किल्लारी गावातच असा पट्टा घातलेले एक घर भूकंपानंतरही शाबूत उभे राहिले. त्याचे छायाचित्र आज कानपूरच्या आयआयटीने काढलेल्या भूकंपविषयक माहितीपत्रकात छापलेले आहे. सारा देश ते पाहून शिकतो. आपण शिकलो का, हा प्रश्न आहे.

त्या पहाटे शाळा रिकाम्या होत्या, ही गोष्ट आपण फार लवकर विसरतो. हाच हादरा सकाळी अकराला बसता तर काय झाले असते, याचा विचार करायलाही मन धजत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात असेच एकदा झाले होते. १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास लाँग बीच शहरात भूकंप झाला आणि दोनशेहून अधिक शाळा-इमारती पडल्या किंवा निकामी ठरल्या. मुले दोन-तीन तासांपूर्वीच घरी गेली होती. तेथील लोकांनी हे नशीब मानून सोडून दिले नाही. बरोबर एक महिन्याने, १० एप्रिलला, फील्ड कायदा झाला. शाळेचा प्रत्येक नकाशा सरकारी तज्ज्ञांनी तपासायचा आणि काम चालू असता जागेवर निरीक्षक हजर राहायचा, असे त्याने ठरवले. मोठ्या भूकंपांचा तो प्रांत आहे. तरी या कायद्याखाली बांधलेली शाळा कोसळली नाही, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. वाचलेल्या मुलांकडे पाहून त्यांनी कायदा केला. गेलेल्या मुलांकडे पाहून कायदा करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पण न पडणे ही शाळेची पहिली परीक्षा झाली. रोजची परीक्षा निराळी आहे. वर्गात उजेड पुरतो का? फळा चकाकतो का? मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येते का? पाऊस व्हरांड्यात येतो का? मुलींना मोरी-संडासाची सोय आहे का? हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी शाळा भरलेली असताना तिथे जाऊन बसावे लागते.

अमेरिकेत शिकागोजवळ विनेटका नावाचे गाव आहे. तेथे १९४० साली क्रो आयलंड ही प्राथमिक शाळा उभी राहिली. लॉरेन्स पर्किन्स हा तरुण वास्तुविशारद आखणी करण्याआधी गावातील शाळांमध्ये जाऊन वर्गांत बसला. शिक्षकांशी बोलला, आणि झाडलोट करणाऱ्या शिपायांशीही बोलला. शेवटची गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. कोणता कोपरा झाडता येत नाही आणि पाणी कोठे साचते, हे शिपायाइतके कोणाला ठाऊक असणार? ती शाळा मुलांच्या मापाची झाली, आणि पुढे कित्येक वर्षे देशोदेशीचे वास्तुविशारद ती पाहायला जात राहिले.

इंग्लंडात युद्धानंतर हर्टफर्डशायर परगण्याला फार शाळा फार लवकर हव्या होत्या. तेथील सरकारी कचेरीत डेव्हिड आणि मेरी मेड हे पतिपत्नी वास्तुविशारद होते. एका वर्षीच्या शाळा पुऱ्या झाल्या की ते आणि त्यांचे सहकारी त्यांत जाऊन मुले काय करतात ते पाहत आणि पुढच्या वर्षीच्या शाळेत सुधारणा करीत. हात धुण्याचे भांडे मुलाच्या उंचीला आले, खिडकीतून बसल्या जागी बाहेरचे दिसू लागले. त्या शाळा कोणाला भव्य वाटल्या नाहीत, पण प्रत्येक शाळा मागच्या शाळेपेक्षा काही शिकलेली होती.

त्याच देशात हन्स्टंटन गावी १९५४ साली पोलाद आणि काचेची एक शाळा पुरी झाली. तिची जगभर वाहवा झाली. पण मुले उन्हाळ्यात उकडत आणि हिवाळ्यात गारठत, आणि पोलादी चौकटीत घट्ट बसवलेल्या काचा तडकत. दोन्ही ठिकाणी पाहुणे गेले. एका ठिकाणी इमारत पाहायला, दुसऱ्या ठिकाणी इमारतीत काय चालते ते पाहायला. यातून भेट कशाला म्हणावे ते ध्यानात येते.

इंग्लंडातील वास्तुविशारदांच्या संस्थेने १९६३ साली कामाच्या पायऱ्यांचा एक तक्ता केला. त्यात अगदी शेवटची पायरी अशी होती, की इमारत वापरात आल्यावर तिथे परत जाऊन काय साधले आणि काय फसले याची नोंद घ्यावी. पण या पायरीचे पैसे द्यायला मालक तयार नव्हते, आणि चुका लेखी मांडायला वास्तुविशारदही फारसे उत्सुक नव्हते. दहा वर्षांच्या आत ती पायरी करारातून गळाली. तक्त्यात ती नव्या रूपाने परत आली ती २०१३ साली. आम्हा संघटनेच्या लोकांना हा अनुभव नवा नाही. ज्या कामाची मजुरी ठरत नाही ते काम होत नाही, मग त्याचे कितीही गुणगान गा.

आपल्या देशातही ही रीत अगदीच नव्हती असे नाही. राजस्थानात लोकजुंबिश या शिक्षण-कार्यक्रमात कबीर वाजपेयी आणि त्यांच्या विन्यास या संस्थेने शाळांत जाऊन मुलांचे आणि शिक्षकांचे वागणे पाहिले. त्यातून इमारतच शिकण्याचे साधन करण्याची कल्पना पुढे आली. दाराची फळी उघडते तिथे जमिनीवर कोन आखले, खिडकीच्या गजांत अक्षरांची वळणे गिरवण्याची सोय केली. हीच कल्पना पुढे ‘बाला’ या नावाने महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांतही आली. खर्च थोडा, पण तो सुचला वर्गात बसून पाहिल्यामुळे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात शाळेला इतिहास आहे. निजामी अमलात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तिचे मुख्याध्यापकपद व्यंकटेश खेडगीकर यांनी सांभाळले, तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. शिक्षक होण्याआधी ते ना. म. जोशी यांच्यापाशी कामगार चळवळीत काम करीत होते, याचा मला व्यक्तिशः फार आनंद वाटतो. त्या काळी मातृभाषेतली स्वतंत्र वृत्तीची शाळा चालणे हीच मोठी लढाई होती. इमारत कशी आहे हे पाहायला सवड नव्हती. आज ती सवड आहे, आणि म्हणून जबाबदारीही आहे.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावे नव्या जागी वसली. नवी घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, हे निर्विवाद आहे. पण पुढे जे तिथे परत गेले त्यांना आणखी काही दिसले. गावे फार पसरली, रस्ते शहरासारखे रुंद आणि सरळ झाले, वाड्याचे अंगण आणि गल्लीची ऊब गेली. पातळ भिंतींची घरे वैशाखात तापू लागली. लोकांनी पुढे पत्र्याची शेड उभारली, मागे आडोसा केला. ही डागडुजी म्हणजे वास्तुविशारदाला लिहिलेले पत्रच आहे; वाचणारा हवा.

त्या पत्राची वाचक काही ठिकाणी आपल्याच बाया झाल्या. ज्या शेकडो गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेवर लोकसहभागाचे काम सोपवले गेले. दिवंगत प्रेमा गोपालन या संस्थेच्या प्रमुख होत्या. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक निवडल्या गेल्या. कोपऱ्याला पट्टा आला का, सिमेंट पुरेसे पडले का, हे त्या स्वतः पाहू लागल्या. गवंड्यांनाही नवे शिक्षण मिळाले. मग २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. अंजार गावी झेंड्याच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत घरांखाली गाडली गेली. तेव्हा लातूर-धाराशिवच्या याच बाया गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. ज्यांना कोणी कधी विचारले नव्हते, त्या शिकवायला गेल्या. आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेले हे दान लहान नाही.

पण गवंड्याला अजून कोण विचारते? एका शाळेच्या कामावरचा प्रसंग सांगतो. गाव आणि माणसे यांची नावे नकोत. नमुन्याचा नकाशा कचेरीतून आला होता. आमचा एक वयस्क गवंडी म्हणाला, “साहेब, पावसाची झड या अंगानं येती. व्हरांडा तिकडं घ्यावा.” उत्तर मिळाले, “नकाशात आहे तसं कर.” पहिल्याच पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी आले आणि खिचडीच्या पंगती वर्गात बसू लागल्या. ज्याने सांगितले होते तो तोवर दुसऱ्या जिल्ह्यात कामावर होता, आणि ज्याने ऐकले नाही त्याला ते पाणी कधी दिसलेच नाही. त्यामुळे तोच नकाशा पुढच्या गावी तसाच गेला. यात कोणाचा दुष्टावा नाही. शिकण्याची वाट मध्येच बंद आहे, एवढेच.

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले दगावली. तिथे भूकंप नव्हता. पावसाचे दिवस आणि जुनी इमारत, एवढेच होते. म्हणजे संकट भूगर्भातूनच येते असे नाही. ज्या इमारतीकडे उद्घाटनानंतर कोणी पाहत नाही, तिथे ते भिंतीतूनही येते.

तर करावे काय? मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. आपल्या भागात नवी शाळाखोली झाली की तिला एक वर्ष होताच या समितीने दोन दिवस ठरवावेत. एक चैत्रातला, ऊन तापल्यावर. दुसरा श्रावणातला, पाऊस चालू असताना. त्या दोन दिवशी नकाशा काढणारा, देखरेख करणारा अभियंता आणि भिंत उभारणारा गवंडी या तिघांना शाळा भरलेली असताना बोलवावे. गवंड्याचा त्या दिवसाचा रोज बुडणार, तो त्याला द्यावा. अभियंत्याला भत्ता मिळतो तसा. मुलांसाठी असलेल्या बाकावर त्यांनी तासभर बसावे. मग शिक्षक, स्वयंपाक करणारी बाई, शिपाई आणि वरच्या वर्गातली दोन मुले यांनी बोलावे आणि आलेल्या पाहुण्यांनी लिहून घ्यावे. तो कागद पुढच्या शाळेच्या नकाशाला जोडल्याशिवाय त्या कामाला मंजुरी नको.

ढोकीजवळ तेरला त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. दीड हजार वर्षांच्या आसपास त्या विटा उभ्या आहेत. ज्यांनी त्या भाजल्या आणि रचल्या त्यांची नावे कोणत्याही शिलेवर नाहीत, पण त्यांना भिंत कशी उभी राहते हे कळत होते, एवढे ते देऊळ आजही सांगते. ते कळणे या मातीतून गेलेले नाही. ते गवंड्याच्या हातात आहे, मास्तरांच्या तक्रारीत आहे, घर सावरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आहे. नकाशा काढणाराने एकदा परत येऊन ते विचारून घ्यावे. त्याने यावे असा आग्रह धरणे मात्र आपले काम आहे, कारण शाळेत बसणारी मुले आपली आहेत.